सारखी दिसणारी केस आणि कामाला येणारी केस

बोअरच्या मोटरचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या मेकॅनिकला फोनवर सांगा, ‘पाणी कमी येतंय आणि धार तुटक आहे.’ तो लगेच विचारेल, ‘अँपिअर किती दाखवतंय?’ आकडा ऐकला की त्याच्या डोळ्यांसमोर एखादी जुनी मोटर उभी राहते. ती कोणत्या कंपनीची होती, पॅनेल कोणत्या रंगाचं होतं, हे तो विसरलेला असतो. पण बिघाड कशात होता आणि काय केल्यावर तो सुटला, हे त्याला पक्कं आठवतं.

संगणकाकडून हेच काम करून घेण्याच्या पद्धतीला केस-बेस्ड रीझनिंग म्हणतात. ‘असं असेल तर तसं कर’ अशा नियमांची यादी संगणकाला द्यायची नाही. सुटलेल्या जुन्या केसेस साठवायच्या आणि नवी अडचण आली की तिच्याशी जुळणारी जुनी केस काढून तिचं उत्तर वापरायचं. या विचाराची पायाभरणी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रॉजर शँक आणि जॅनेट कोलोड्नर यांच्या कामातून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. पुढे १९९४मध्ये आग्नार आमोट आणि एन्रिक प्लाझा यांनी या कामाच्या चार पायऱ्या मांडल्या आणि त्या आजही प्रमाण मानल्या जातात: जुनी केस शोधा, तिचं उत्तर वापरा, ते सुधारा आणि नवी केस साठवा.

या लेखात फक्त पहिली पायरी घेतली आहे. ती चुकली तर पुढच्या तीन पायऱ्या चुकीच्या केसवर मेहनत घेत बसतात. या पायरीतली सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘सारखी’ या शब्दाचा अर्थ ‘सारखी दिसणारी’ असा धरणं. आपल्याला हवी असते ती अशी केस, जिचं उत्तर इथे लागू पडेल. शोधाच्या सगळ्या पद्धती या एकाच कसोटीवर तपासून पाहायच्या.

रकाने ठरवताना अर्धी लढाई होते

मोटर दुरुस्तीचंच उदाहरण पुढे नेऊ. एका केसमध्ये तीन भाग हवेत: तक्रार कशी होती, बिघाड काय निघाला आणि उपाय काय केला. शोध फक्त पहिल्या भागावर चालतो, त्यामुळे त्या भागात कोणते रकाने ठेवायचे हे फार विचार करून ठरवावं लागतं.

समजा नवी तक्रार ५ एचपीच्या थ्री-फेज मोटरची आहे. मोटरच्या पाटीवर ९ अँपिअर लिहिलंय आणि प्रत्यक्षात ती ५.४ अँपिअर घेतेय. जुन्या नोंदींत ७.५ एचपीची एक मोटर आहे. तिच्या पाटीवर १३.५ अँपिअर होते आणि बिघाडाच्या वेळी ती ८.४ घेत होती. नुसते ५.४ आणि ८.४ ताडून पाहिले तर दोन्ही मोटरी एकमेकींपासून खूप लांब वाटतात. पाटीवरच्या आकड्याशी टक्केवारी काढली तर एक ६० टक्के लोड घेतेय आणि दुसरी ६२ टक्के घेत होती, म्हणजे दोघींचं दुखणं एकाच जातीचं असण्याची शक्यता मोठी. हा शोध कुठल्याही अल्गोरिदमने लागला नाही. कच्चा आकडा न साठवता त्याचा अर्थ साठवला म्हणून तो लागला. पाण्याचंही तसंच करायचं: लिटरचा आकडा सोडून, नेहमीच्या पाण्याच्या किती टक्के येतंय ते लिहायचं.

एक हिशेब, शेवटपर्यंत

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे निकटतम शेजारी. प्रत्येक रकान्यात नवी आणि जुनी केस किती जुळतात ते ० ते १ यांमध्ये मोजायचं आणि सगळ्या रकान्यांची सरासरी काढायची. आकड्यांच्या रकान्यासाठी सूत्र सोपं आहे: दोन आकड्यांतला फरक घ्या, त्याला त्या रकान्याच्या एकूण पल्ल्याने, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांतल्या अंतराने, भागा आणि ते १ मधून वजा करा. खालच्या तक्त्यात एचपीचा पल्ला १०, खोलीचा ५०० फूट, व्होल्टेजचा १००, लोडचा १०० आणि पाण्याचाही १०० धरला आहे.

| रकाना | नवी तक्रार | केस ‘अ’ | साम्य | केस ‘ब’ | साम्य |
|---|---|---|---|---|---|
| कंपनी | क्ष | क्ष | १.०० | य | ०.०० |
| एचपी | ५ | ५ | १.०० | ७.५ | ०.७५ |
| बोअरची खोली, फूट | ३०० | ३०० | १.०० | ४५० | ०.७० |
| व्होल्टेज | ४१० | ४०५ | ०.९५ | ३९५ | ०.८५ |
| लोड, टक्के | ६० | ११५ | ०.४५ | ६२ | ०.९८ |
| पाणी, टक्के | ४० | ४० | १.०० | ३० | ०.९० |
| धार | तुटक | सलग | ०.०० | तुटक | १.०० |

साधी सरासरी काढली तर ‘अ’ला ०.७७ मिळतात आणि ‘ब’ला ०.७४, म्हणजे ‘अ’ जिंकते. आता दोघींचं निदान पाहा. ‘अ’मध्ये पंपात वाळू अडकली होती, म्हणून मोटर जास्त लोड घेत होती. ‘ब’मध्ये बोअरची पाणीपातळी खाली गेली होती. पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता, त्यामुळे लोड उतरला आणि धार तुटली. नव्या तक्रारीत नेमकं हेच घडतंय. सरासरीने ‘अ’ वर आणली, कारण कंपनी, एचपी आणि खोली या तीन बिनकामाच्या जुळणींनी लोड आणि धार या दोन महत्त्वाच्या विसंगतींना दाबून टाकलं.

उपाय म्हणजे प्रत्येक रकान्याला वजन द्यायचं. समजा कंपनीला ०, एचपीला १, खोलीला १, व्होल्टेजला २, लोडला ५, पाण्याला ३ आणि धारेला ४ दिले. एकूण वजन १६ झालं. प्रत्येक साम्याला त्याच्या वजनाने गुणून बेरीज केली आणि १६ने भागलं, तर ‘अ’ ०.५७ वर उतरते आणि ‘ब’ ०.९२ वर जाते. केसेस त्याच आहेत, सूत्रही जवळपास तेच आहे, आणि निकाल उलटला. वजनं म्हणजे मेकॅनिकचं ज्ञान आकड्यांत उतरवलेलं. ते कोणाला न विचारता सगळीकडे १ लिहून टाकलं, तर ‘कंपनीचं नाव आणि अँपिअर सारखेच महत्त्वाचे’ हा चुकीचा निर्णय आपण नकळत घेऊन बसलेलो असतो.

या सूत्रात एक छुपा खड्डा आहे. पल्ला जर नोंदींतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांवरून आपोआप काढला, तर टायपिंगची एक चूक सगळं बिघडवते. कोणीतरी लोडच्या रकान्यात ९० ऐवजी ९०० लिहिलं की पल्ला ४० ते ९००, म्हणजे ८६० होतो. मग ६० आणि ११५ यांच्यातला ५५चा फरक साम्यात फक्त ०.०६ने दिसतो आणि ०.४५चं साम्य ०.९४ होऊन बसतं. लोडचा रकाना असून नसल्यासारखा होतो आणि कुठेही एररचा मेसेज येत नाही. म्हणून पल्ला हाताने ठरवावा आणि त्याबाहेरच्या नोंदी भरतानाच अडवाव्यात.

फरक सगळीकडे सारखा नसतो

सरळ रेषेचं सूत्र कामचलाऊ आहे. व्होल्टेज ४१५ आहे की ४००, याने मोटरला फारसा फरक पडत नाही. ३८५ आणि ३५० यांत मात्र मोठा फरक पडतो, कारण व्होल्टेज उतरलं की तेवढाच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते आणि तापते. म्हणून या रकान्यासाठी वक्र हवा: वरच्या टप्प्यात जवळजवळ सपाट आणि ३८०च्या खाली तीव्र उताराचा.

शब्दांत लिहिलेल्या पर्यायांसाठी तक्ता करावा लागतो. आवाजाच्या रकान्यात ‘घुमते’, ‘खरखर’, ‘ठोके’ आणि ‘नेहमीसारखा’ असे चार पर्याय असतील, तर ‘खरखर’ आणि ‘ठोके’ यांचं साम्य ०.६ ठेवता येईल, कारण दोन्ही यांत्रिक घासण्याकडे बोट दाखवतात. ‘घुमते’ आणि ‘खरखर’ यांचं ०.१ पुरे, कारण घुमणं बहुतेक वेळा फेज गेल्याचं लक्षण असतं. असा तक्ता भरायला जाणकारासोबत बसलं तर अर्धा तास लागतो. त्याचा फायदा कित्येक दिवसांच्या प्रोग्रॅमिंगपेक्षा जास्त असतो.

साम्य दोन्ही बाजूंनी सारखंच असेल, असंही नाही. ‘क’ हा ‘ख’सारखा आहे, म्हणून ‘ख’ही ‘क’सारखा तितकाच आहे असं माणसं मानत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी १९७७मध्ये दाखवलं होतं. आपल्या उदाहरणात याचा ठोस उपयोग आहे. ‘ब’ केसमध्ये उपाय म्हणून मोटर ४० फूट आणखी खाली सोडली होती. नव्या बोअरमध्ये मोटरखाली १०० फूट जागा असेल तर तो उपाय जसाच्या तसा चालेल, म्हणजे साम्य पूर्ण १. जागा १० फूटच असेल तर तो उपाय शक्यच नाही, म्हणजे साम्य ०. फरकाचा आकडा ६० आहे की ३०, हे इथे बघायचंच नाही. फरक कोणत्या बाजूला आहे, एवढंच बघायचं.

रिकामे रकाने

प्रत्यक्षातल्या नोंदी अर्धवट असतात. कोणी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावलेला नसतो, कोणी खोली विचारलेली नसते. रिकाम्या रकान्याचं काय करायचं यावर शोधाचा निकाल बराच अवलंबून असतो, तरीही हा निर्णय सहसा विचार न करता घेतला जातो.

एक मार्ग असा की रिकामा रकाना म्हणजे साम्य ०. यात चांगली पण अपुरी नोंद झालेली केस कायम मागे राहते. दुसरा मार्ग असा की तो रकाना हिशेबातूनच वगळायचा, बेरजेतूनही आणि भागाकारातूनही. हा मार्ग न्याय्य वाटतो, पण अपघात इथेच होतात. ज्या जुन्या केसमध्ये फक्त लोड भरलाय, ६१ टक्के, तिला ०.९९ गुण मिळतात आणि सातही रकाने भरलेली ‘ब’ ०.९२ घेऊन तिच्या मागे जाते. एका प्रश्नाचं उत्तर देऊन पहिला नंबर काढल्यासारखं हे झालं.

कामाला येणारी तडजोड अशी: रकाना वगळायचा, पण दोन्ही बाजूंना भरलेल्या रकान्यांचं मिळून वजन एकूण वजनाच्या निम्म्याहून कमी असेल, तर ती केस क्रमवारीत घ्यायची नाही. १६ पैकी किमान ८ वजनाचे रकाने जुळवता आले पाहिजेत. शिवाय ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. सिंगल-फेज मोटरला तिसऱ्या फेजचा करंट नसतोच. त्या रकान्याला ‘मोजला नाही’ म्हणणं ही चुकीची माहिती आहे.

वजनं आणायची कुठून

सुरुवात जाणकाराच्या अंदाजाने करावी. केसेस दोनशे-चारशे झाल्या की त्या अंदाजाची तपासणी संगणकाला करता येते. किरा आणि रेंडेल यांनी १९९२मध्ये मांडलेली रिलीफ ही पद्धत समजायला सोपी आहे. कोणतीही एक केस उचला. तिच्याच निदानाची सर्वांत जवळची केस शोधा आणि वेगळ्या निदानाची सर्वांत जवळची केसही शोधा. मग प्रत्येक रकाना तपासा. आपल्या निदानाच्या शेजाऱ्याशी रकाना जुळत नसेल तर त्याचं वजन थोडं उतरवा, परक्या निदानाच्या शेजाऱ्याशी जुळत नसेल तर थोडं चढवा. हे शेकडो केसेसवर केलं की निदानं वेगळी करणारे रकाने आपोआप वर येतात.

केसेस थोड्या आणि रकाने भरपूर असतील तर या पद्धतीवर डोळे मिटून विसंबू नये. एकाच मेकॅनिकने एकाच गावात केलेली कामं नोंदींत जास्त असतील, तर ‘गावाचं नाव’ हा रकाना भलताच महत्त्वाचा ठरू शकतो. तिथल्या बोअरना खरंच वाळूचा त्रास असेल तर ते बरोबरही असेल. नसेल तर ते वजन जाणकाराने खोडलं पाहिजे.

एकच वजनपत्रक सगळ्या बिघाडांना पुरत नाही, हेही ध्यानात ठेवावं. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळाल्याचा संशय असेल तर मेगरने मोजलेला इन्सुलेशनचा रोध हा एकच आकडा निर्णय देतो आणि धारेचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या प्रणालींत म्हणून बिघाडाच्या गटागणिक वेगळी वजनं ठेवतात.

वेगाची काळजी कधी करायची

बहुतेक ठिकाणी, कधीच नाही. दहा हजार केसेस आणि वीस रकाने म्हणजे एका शोधाला दोन लाख छोट्या तुलना, आणि आजचा साधा संगणकही त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. तरीही लोक साम्याचं सूत्र कच्चं ठेवून आधी इंडेक्सच्या, म्हणजे शोध जलद करणाऱ्या रचनेच्या, मागे लागतात. चुकीची केस पटकन मिळून काही हाती लागत नाही.

केसेस लाखांच्या घरात गेल्या किंवा एकेक तुलनाच महाग असली, तर मात्र पर्याय बघावे लागतात. जॉन बेंटली यांनी १९७५मध्ये मांडलेलं के-डी ट्री केसेसची एकेका रकान्यावर मधोमध वाटणी करत जातं, आणि ज्या फांदीत आतापर्यंतच्या सर्वोत्तम केसपेक्षा चांगली केस असूच शकत नाही, ती फांदी न उघडता सोडून देतं. रकाने थोडे आणि आकड्यांचे असले तर ते उत्तम चालतं. रकाने वीस झाले की दर पातळीवर एका रकान्याची एकदा वाटणी करायलाच २चा २०वा घात, म्हणजे १०,४८,५७६ कप्पे लागतात. त्याहून कितीतरी जास्त केसेस नसतील, तर जवळजवळ सगळ्या फांद्या उघडाव्या लागतात आणि झाडाचा फायदा संपतो. रिकाम्या रकान्यांचाही त्याला त्रास होतो, कारण वळायचं कुठे ते कळत नाही. एकेक प्रश्न विचारत उत्तराकडे नेणाऱ्या निर्णयवृक्षाची अडचण हीच आहे: पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नसेल तर वाट तिथेच खुंटते.

अर्धवट माहितीसाठी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात मारियो लेन्झ आणि हान्स-डीटर बुर्कहार्ड यांनी १९९०च्या दशकात केस रिट्रीव्हल नेट नावाची रचना केली. तिच्यात ‘धार तुटक’ किंवा ‘लोड ६० टक्के’ अशी माहितीची प्रत्येक नोंद एक गाठ असते. एकमेकींशी साम्य असलेल्या गाठी दोऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि प्रत्येक गाठ आपापल्या केसेसशीही जोडलेली असते. जेवढी माहिती हाताशी आहे तेवढ्या गाठी पेटवायच्या. तिथून जोर शेजारच्या गाठींकडे आणि पुढे केसेसकडे पसरतो, आणि ज्या केसवर जास्त जोर जमतो ती वर येते. कोणती माहिती आधी हवी, असा क्रमच इथे नाही. ग्राहक जे सांगेल तिथून सुरुवात करता येते, त्यामुळे फोनवर चालणाऱ्या मदतकेंद्रासाठी ही रचना विशेष सोयीची आहे.

तिसरा मार्ग दोन चाळण्यांचा. आधी मोठ्या भोकांच्या चाळणीने, म्हणजे स्वस्त आणि ढोबळ मोजमापाने, शंभर केसेस काढायच्या. मग त्याच शंभरांवर बारीक तुलना करायची. डेड्रे गेंटनर आणि केनेथ फोर्बस यांचं मॅक-फॅक हे प्रारूप याच तत्त्वावर उभं आहे. त्यात पहिली पायरी वर्णनातल्या घटकांची नुसती मोजदाद ताडून पाहते आणि दुसरी पायरी त्या घटकांमधले संबंध जुळवते. इथे एक गोष्ट विसरायची नाही: पहिल्या चाळणीत गळालेली केस पुढे कधीच परत येत नाही. म्हणून दोनशे जुन्या तक्रारी घ्याव्यात, प्रत्येकीसाठी सगळ्या केसेसवर पूर्ण शोध चालवून पहिल्या पाच केसेस काढाव्यात आणि त्या पाचही चाळणीतून आलेल्या शंभरांत आहेत का ते पाहावं. गळती दिसली की चाळणी सैल करायची.

शब्दांत लिहिलेल्या केसेस

मेकॅनिक रकाने भरत नाही. तो लिहितो, ‘मोटार चालू आहे पन पाणी तुटत येतय.’ असे मजकूर शोधण्याची जुनी पद्धत म्हणजे शब्द जुळवणं. जो शब्द थोड्याच नोंदींत येतो त्याला जास्त वजन द्यायचं, हा कॅरन स्पार्क जोन्स यांचा १९७२चा विचार अजूनही त्यामागे आहे. ‘मोटर’ प्रत्येक नोंदीत असते, म्हणून तिला वजन जवळजवळ शून्य. ‘वाळू’ क्वचित येते, म्हणून ती आली की लक्ष द्यायचं.

मराठीत या पद्धतीला काही खास अडचणी येतात. ‘पाणी’, ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ हे एकच आहेत हे संगणकाला कळत नाही, आणि नुसतं शेपूट कापून भागत नाही, कारण प्रत्ययाआधी शब्दाचं रूपच ‘पाणी’वरून ‘पाण्या’ असं बदलतं. ‘मोटर’ आणि ‘मोटार’ दोन्ही चालतात. आकडे कधी देवनागरीत असतात, कधी रोमन. याहून लपलेली अडचण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची आहे. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यांत, दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात आणि संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. शोध सुरू करण्याआधी सगळा मजकूर एका प्रकारात आणला नाही, तर डोळ्यांसमोर असलेली केसही सापडत नाही.

आता वाक्याचं आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करून, म्हणजे एम्बेडिंग वापरून, अर्थाने जवळची वाक्यं शोधता येतात. लाखो नोंदींतून ती झटकन काढायला एचएनएसडब्ल्यूसारखे आलेख, म्हणजे जवळच्या नोंदी एकमेकींना जोडणारी जाळी, वापरतात. मालकोव्ह आणि याशुनिन यांनी २०१६मध्ये मांडलेल्या या पद्धतीत निकाल अंदाजाचा असतो आणि कधीतरी खरा शेजारी सुटतो. शुद्धलेखनाच्या चुका आणि समानार्थी शब्द एम्बेडिंग चांगलं सांभाळतं. पण ‘पाणी येत नाही’ आणि ‘पाणी येतंय’ ही वाक्यं ते धोकादायकरीत्या जवळ ठेवू शकतं, कारण बाकीचे शब्द तेच असतात. ‘लोड ६२’ आणि ‘लोड ११५’ यांचंही तसंच. ज्या फरकावर निदान फिरतं, तोच तिथे पुसट होतो. म्हणून एम्बेडिंगने पहिली चाळणी करावी, आणि आकडे व नकार वेगळे काढून रकान्यांत भरावेत. शेवटचा क्रम वर दाखवलेल्या हिशेबानेच लावावा.

दोन जुन्या प्रणाली, दोन वेगळी साम्यं

लॉकहीड कंपनीने कॅलिफोर्नियात वापरलेली क्लॅव्हिए प्रणाली या विषयातलं मोलाचं उदाहरण आहे. १९९०पासून ती कामाला लागली. विमान आणि अवकाशयानांचे कॉम्पोझिट, म्हणजे धागे आणि राळ मिळून बनवलेले, भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या दाबभट्टीत भाजावे लागत. भट्टीत कोणता भाग कुठे ठेवला यावर प्रत्येक भाग किती लवकर तापतो ते अवलंबून होतं, आणि मांडणी चुकली तर महागडे भाग वाया जात. मांडणीचे पक्के नियम कोणालाच माहीत नव्हते. कामगार जुन्या यशस्वी मांडण्यांची चित्रं जपून ठेवत आणि त्यांवरूनच नवी मांडणी करत.

त्यांच्या शोधाची कसोटी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ‘आजच्या यादीसारखी दिसणारी जुनी यादी’ असा शोध नव्हता. आज भाजायच्या भागांपैकी जास्तीत जास्त तातडीचे भाग ज्या जुन्या मांडणीत बसतात, ती मांडणी वर येई. साम्याची व्याख्या थेट कामावरून ठरवली होती.

दुसरं उदाहरण हायपो. एडविना रिसलंड आणि केविन अ‍ॅशली यांनी १९८०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्यापारी गुपितांच्या खटल्यांसाठी ती उभी केली. हायपोत गुणांची बेरीजच नाही. चालू खटल्याशी एका जुन्या निवाड्याचे ‘क’ आणि ‘ख’ हे मुद्दे जुळतात आणि दुसऱ्याचा फक्त ‘क’, तर पहिला निवाडा जास्त नेमका. एकाचे ‘क’ आणि ‘ख’ जुळत असतील व दुसऱ्याचा ‘ग’, तर दोघांत लहानमोठं ठरवायचंच नाही, दोन्ही दाखवायचे. वकिलाला आपल्या बाजूचा निवाडा लागतो आणि विरोधी पक्ष कोणता पुढे करेल तोही लागतो. ०.८२ विरुद्ध ०.७९ अशा आकड्याचा त्याला काय उपयोग? जिथे मुद्द्यांची किंमत आकड्यांत ठरवणं हाच वादाचा विषय आहे, तिथे ही पद्धत जास्त प्रामाणिक आहे.

सापडली, पण वापरता येईल का?

आपल्या तक्रारीकडे परत येऊ. ‘ब’चं निदान बरोबर आहे, पण नवा बोअर ३०० फूट आहे आणि मोटर आधीच २९० फुटांवर आहे. ती आणखी खाली सोडायला जागा नाही. तेव्हा उपायासाठी वेगळी केस हवी, जिच्यात वाल्व्ह थोडा बंद करून उपसा कमी केला, टायमर लावून मोटर टप्प्याटप्प्याने चालवली आणि पाणी संपलं की मोटर बंद करणारं ड्राय-रन प्रोटेक्शन बसवलं. बॅरी स्मिथ आणि मार्क कीन यांनी १९९०च्या दशकात मांडलेला विचार हाच आहे: शोधतानाच बघायचं की ही केस नव्या परिस्थितीला वळवायला किती कष्ट पडतील. थोडं कमी साम्य असलेली पण सहज वळणारी केस पुढे घ्यायची. सोपी अंमलबजावणी अशी की शोध दोनदा चालवायचा, आधी निदानाच्या वजनांनी आणि मग तेच निदान असलेल्या केसेसमध्ये उपायाच्या वजनांनी. मोटरखालच्या जागेच्या रकान्याला पहिल्या फेरीत वजन ०, दुसऱ्या फेरीत सर्वांत जास्त.

पहिल्या पाच केसेस दाखवताना आणखी एक गोष्ट होते. एप्रिल-मे महिन्यांत पाणीपातळीच्या इतक्या तक्रारी जमतात की पाचही केसेस एकमेकींच्या नकला निघतात. त्यापेक्षा साम्यात पहिल्या पंधरा घ्याव्यात. त्यांतली सर्वांत जवळची आधी ठेवावी आणि पुढची प्रत्येक निवडताना तिचं तक्रारीशी साम्य आणि आधी निवडलेल्यांपासूनचं वेगळेपण यांचा गुणाकार बघावा. मग पाच केसेसमध्ये पाणीपातळीसोबत पाइपच्या जोडाची गळतीही दिसते आणि मेकॅनिकला दुसरी शक्यता सुचते.

आणि जवळची केसच नसेल तर तसं सांगायचं. पहिला नंबर नेहमी कोणीतरी मिळवतोच, मग त्याचं साम्य ०.४१ का असेना. उंबरठा किती ठेवायचा हे जुन्या केसेसवरून काढता येतं. एकेक केस बाजूला काढून ती नवी तक्रार असल्यासारखी बाकीच्या केसेसमध्ये शोधायची. पहिल्या आलेल्या केसचं निदान बरोबर निघालं तेव्हा साम्य किती होतं आणि चुकलं तेव्हा किती, याच्या दोन याद्या करायच्या. ज्या आकड्याखाली चुका वाढू लागतात, तो उंबरठा.

ही तपासणी वजनांसाठी आणि रिकाम्या रकान्यांच्या धोरणासाठीही वापरायची, फक्त दोन पथ्यं पाळून. एकाच बोअरला दोनदा भेट दिली असेल तर त्या दोन्ही केसेस एकत्र बाजूला काढाव्यात, नाहीतर पहिली भेट दुसरीचं उत्तर फोडते आणि निकाल खोटा चांगला दिसतो. शिवाय प्रत्येक बिघाडाचा निकाल वेगळा पाहावा. ४०० केसेसपैकी २५० पाणीपातळीच्या असतील, तर प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘पातळी गेली’ म्हणणारी प्रणालीही ६२.५ टक्के बरोबर ठरते, आणि फेज गेलेली मोटर ती एकदाही ओळखत नाही.

शेवटचा रकाना बहुतेक नोंदींत नसतो, तो मागून घ्यावा: उपाय टिकला का. दुरुस्ती झाल्यावर महिनाभराने एक फोन करायचा आणि ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘कळलं नाही’ एवढंच लिहायचं. ‘नाही’ असलेली केस पुसायची नाही. पुढे कधी तिच्यासारखी तक्रार आली, तर तीही वर येऊ द्यायची आणि तिच्यासमोर ठळक लिहायचं की हा उपाय इथे फसला होता.